मदत हवी आहे: छोट्या संस्थेला मोबाइलवरून देणगी घ्यायची आहे, देणगीदारांशी संपर्कही ठेवायचा आहे

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आमच्या संस्थेचं हंगामी वसतिगृह आहे. आईबाप दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांवर जातात ते मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेवढे महिने मुलं आमच्याकडे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आहे, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) आहे, एफसीआरए (परकीय देणगी घेण्याची नोंदणी) नाही.

देणगीदार साधारण सहाशे. पावतीपुस्तकात त्यांचं नाव आणि मोबाइल नंबर, बाकी काही नाही. बरेचसे तालुक्यातले शेतकरी, शिक्षक, दुकानदार, काही पुण्या-मुंबईत, थोडे परदेशात. आजवर चेक आणि रोखीवर भागलं. आता जो तो म्हणतो, क्यूआर पाठवा.

१. क्यूआर बँकेचा घ्यावा की पेमेंट ॲपचा? मिळेपर्यंत खजिनदारांच्या नंबरवर पैसे घेतले तर चालेल का?
२. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढावा की ब्रॉडकास्ट? एसएमएस आणि मिस्ड कॉल नंबर घेणं परवडेल का?
३. दरमहा थोडी थोडी देणगी आपोआप जमा होईल अशी सोय छोट्या संस्थेला मिळते का?
४. ८०जीच्या पावतीचं काय?

जमाखर्च

खजिनदारांच्या नंबरवर एक रुपयाही घेऊ नका, चार दिवसांपुरताही नाही. पावती न्यासाची आणि पैसा व्यक्तीच्या खात्यात, असं झालं की लेखापरीक्षक आक्षेप नोंदवणार आणि धर्मादाय कार्यालयात उत्तर सगळ्या विश्वस्तांना द्यावं लागणार.

न्यासाचं खातं आहे त्याच शाखेत मर्चंट क्यूआर मागा. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, न्यासाचा पॅन, घटना, विश्वस्तांची केवायसी आणि मंडळाचा ठराव न्या. ठरावात नुसतं 'यूपीआय सुरू करणे' लिहू नका. जमा झाल्याचा संदेश कोणत्या नंबरवर येणार, लॉगिन कोणाकडे राहणार, पदाधिकारी बदलल्यावर ते कोणी कोणाकडे द्यायचं, हे सगळं त्यात हवं. त्यासाठी संस्थेच्या नावानं वेगळं सिम घ्या. कार्यकर्त्याच्या नंबरावर सगळं बांधलं आणि तो संस्था सोडून गेला, तर लॉगिन सोडवता सोडवता अख्खा हंगाम जातो.

अर्जात व्यवसायाचा प्रकार भरतात तिथे धर्मादाय आणि समाजसेवा संस्थांचा कोड ८३९८ आहे. शाखेत घाईघाईत किराणा दुकान टाकून देतात, म्हणून तो रकाना स्वतः वाचा. क्यूआर हाती आला की दोन वेगळ्या ॲपमधून स्कॅन करून एक-एक रुपया पाठवून बघा. पडद्यावर न्यासाचं पूर्ण नाव दिसलं पाहिजे.

पेमेंट ॲपचा क्यूआर लवकर मिळतो, पण त्यात दिवसभराचे सगळे व्यवहार एकत्र करून दुसऱ्या दिवशी एकच रक्कम खात्यात येते. पासबुकात ७,३५० दिसतात आणि ते सतरा जणांचे असतात. तपशील ॲपच्या मर्चंट पानावर असतो, तो दर आठवड्याला उतरवून ठेवावा लागतो. बँकेच्या क्यूआरमध्ये बहुधा प्रत्येक देणगी स्वतंत्र जमा होते. पावत्या फाडणाऱ्या संस्थेला तोच सोयीचा.

मांजराकाठ

पण दोन्हीकडे देणारा कोण ते कसं कळायचं? पावतीवर लिहायला नाव तर हवं.

जमाखर्च

खरी मेहनत तिथेच आहे. यूपीआयनं पैसा येतो, माणूस येत नाही. खाते उताऱ्यात बारा आकडी संदर्भ क्रमांक, अर्धवट कापलेलं नाव आणि फार तर यूपीआय आयडी मिळतो. पत्ता नाही, पॅन नाही, मोबाइल नंबर मिळेलच असं नाही.

म्हणून क्यूआरच्या खाली फॉर्मची लिंक कायम ठेवा. रकाने सहाच ठेवा: पॅनवरचं नाव, पॅन, पिनकोडसह पत्ता, मोबाइल, व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक आणि संदेश पाठवण्याची परवानगी. सातवा रकाना घातला की लोक अर्ध्यावर सोडतात.

मग आठवड्यातून एक दिवस उतारा आणि फॉर्मची यादी समोरासमोर ठेवून बारा आकडी क्रमांकावर व्हीलुकअप (एक्सेलमधलं जुळवणीचं सूत्र) लावा. एक्सेल इथे दगा देतं. उताऱ्यात तो क्रमांक मजकूर म्हणून येतो, फॉर्ममधून आकडा म्हणून, आणि दोन्ही तंतोतंत सारखे असूनही जुळत नाहीत. दोन्ही रकाने आधी 'टेक्स्ट' करा, क्रमांकाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा ट्रिम सूत्रानं काढा. तरीही जे जुळणार नाहीत त्यांच्यासाठी 'नाव मिळायचे' असा वेगळा रकाना ठेवा आणि त्यातल्या प्रत्येकाचा शोध त्याच आठवड्यात घ्या. महिनाभरानं देणाऱ्यालाही आठवत नाही.

आणखी एक अडचण हमखास येते. व्हॉट्सॲपवर क्यूआरचं चित्र आलं की तो फोन स्वतःच्याच पडद्यावरचं चित्र स्कॅन करू शकत नाही. वयस्क माणसं तिथेच अडकतात. शिवाय गॅलरीतून उचललेल्या क्यूआरवर काही ॲप मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. म्हणून चित्राखाली यूपीआय आयडी, खातं क्रमांक आणि आयएफएससी साध्या मजकुरात लिहा, दाबून कॉपी करता येतील असे. चित्रातच छापलेला आयडी कॉपी होत नाही.

तारायंत्र

संपर्काबद्दल लिहितो. सहाशे जणांसाठी व्हॉट्सॲप बिझनेसचं फुकट ॲप भरपूर झालं. संस्थेच्या सिमवर ते घ्या, नाव-पत्ता-वेळ भरा, 'नवा देणगीदार', 'पावती बाकी', 'दरवर्षी देणारे' अशी लेबलं लावा.

ग्रुप नको. एकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आठवड्याभरात शुभ सकाळ सुरू होतं आणि तुमचा निरोप त्याखाली बुडतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, म्हणजे तुम्हाला तीन याद्या लागतील. गावानुसार करू नका. शेतकऱ्यांची एक, नोकरदारांची एक आणि बाकीच्यांची एक करा, कारण त्यांच्याकडे पैसे येण्याची वेळ वेगळी असते.

ब्रॉडकास्टची मेख अशी, की ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. बाकीच्यांना पोचत नाही आणि तुम्हाला तसं कुणी सांगतही नाही, नुसती एकच बरोबरची खूण दिसत राहते. लोक म्हणतात 'ब्रॉडकास्टला प्रतिसाद नाही', पण निरोप निम्म्यांना गेलेलाच नसतो. उपाय म्हणजे एकदा सहाशे जणांना फोन. रोज वीस फोन, दोन कार्यकर्ते, संध्याकाळी सहा ते आठ. फोनवर पैसे मागायचे नाहीत. आभार मानायचे, पत्ता आणि पॅन विचारायचा, निरोप पाठवू का ते विचारायचं आणि नंबर सेव्ह करायला सांगायचं. 'हो' म्हटलं त्याची तारीख वहीत लिहा.

एसएमएस तुम्हाला इतक्यात नको. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे आधी डीएलटीवर (घाऊक संदेश पाठवणाऱ्यांच्या नोंदणीची प्रणाली) संस्थेची नोंदणी, मग सहा अक्षरी हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), मग प्रत्येक मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा. लिंक टाकायची तर तीही आधी नोंदवलेली हवी, नाहीतर संदेश वाटेतच अडतो. आणि देवनागरीचा खर्च बघा. इंग्रजी लिपीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि मजकूर लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७. मात्रा आणि हलन्त सुटे मोजले जातात. 'धन्यवाद'ला सात जागा लागतात, 'विद्यार्थी'ला दहा. दीडशे जागांचा साधा मजकूर तीन संदेशांच्या भावात पडतो.

मिस्ड कॉल नंबरचा उपयोग साधा फोन असलेल्या माणसांसाठी आहे, पण मिस्ड कॉलनंतर पलटून फोन करणारं कोणी नसेल तर त्याचा भाडेखर्च वाया. रेकॉर्ड केलेले घाऊक कॉल साध्या नंबरवरून लावू नका, तक्रारी झाल्या तर नंबरच बंद होतो.

नीरा_डावा_कालवा

दरमहाच्या देणगीबद्दल. यूपीआय ऑटोपे मिळतं, पण त्यासाठी बँक किंवा पेमेंट गेटवेकडे मर्चंट म्हणून जावं लागतं, नुसत्या क्यूआरवर होत नाही. देणगीदार पहिल्यांदा पिन टाकून मंजुरी देतो. पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही. पैसे कापण्याच्या २४ तास आधी त्याला सूचना जाते आणि तो केव्हाही आपल्या ॲपमधून थांबवू शकतो. हे त्याला आधीच सांगा. थांबवता येतं म्हटल्यावर लोक सुरू करायला तयार होतात.

तारीख ५ ते ७ ठेवा. महिनाअखेरीस खात्यात शिल्लक नसते आणि हप्ता परत जातो. हप्ता परत गेला तर यंत्राचा निरोप पुरत नाही, माणसानं फोन करावा.

ताई, शेतकरी देणगीदारांना मात्र दरमहाच्या फंदात पाडू नका. त्यांच्याकडे पैसा सोयाबीन, कापूस किंवा उसाचं बिल आल्यावर येतो. त्यांना वर्षातून एकदा, त्या वेळेला विचारा. दरमहाची सोय शिक्षक आणि शहरातल्या नोकरदारांसाठी. त्यांना 'एका मुलाचं महिन्याचं जेवण' असा ठरलेला आकडा द्या, आणि तो आकडा तुमच्या हिशेबाच्या वहीतून काढलेला असू द्या, कारण शिक्षक विचारणार.

ताळेबंद

८०जीबद्दल थोडक्यात, पण काटेकोर.

२,००० रुपयांच्या वरची रोख देणगी देणाऱ्याला वजावटीत धरता येत नाही. क्यूआर लावण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे.

तुमची छापील पावती वजावटीला पुरत नाही. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेनं देणगीदारांचं विवरण १०बीडी फॉर्ममध्ये भरायचं आणि त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र प्रत्येकाला द्यायचं. मुदत वर्ष संपल्यावर ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. पॅन नसेल तर आधार, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड अशा कशाचा तरी क्रमांक त्यात लागतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होत असल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, तेव्हा पावतीपुस्तक नव्यानं छापण्याआधी सीएला मजकूर दाखवा.

नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही. म्हणून 'कर वाचवा' हे तुमच्या निरोपाचं पहिलं वाक्य करू नका. बऱ्याच नोकरदारांना ते आता लागू नाही.

आणि निनावी देणगी. ज्या रकमेचं नाव-पत्त्याचं रेकॉर्ड नाही ती निनावी धरली जाते. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांत जे जास्त असेल त्याच्या वरच्या निनावी रकमेवर ३० टक्के कर. वर्षाला ८ लाख जमत असतील तर तुमची मर्यादा १ लाख, ३० लाख जमत असतील तर दीड लाख. जमाखर्च यांनी सांगितलेला 'नाव मिळायचे' रकाना फुगला तर हा कर तुमच्या दारात उभा आहे.

मांजराकाठ

खूप उपयोगी माहिती. परदेशातल्यांना हाच क्यूआर पाठवू का? काहींची भारतात खाती आहेत.

ताळेबंद

आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकीय देणगी नाही, एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्यातून घ्या. त्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, तो परकीय स्रोत. एफसीआरए नोंदणीशिवाय त्याचा एक रुपया चालत नाही. नोंदणी असलेल्यांनाही तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो.

'मी पुण्यातल्या भावाला पाठवतो, तो तुमच्या क्यूआरवर टाकेल' असं कोणी प्रेमानं सुचवलं तरी नको म्हणा. हात बदलल्यानं परकीय देणगी देशी होत नाही. तुमचे निरोप पुढे पाठवले जाणार, तेव्हा क्यूआरखाली 'फक्त भारतीय नागरिकांसाठी' ही ओळ कायमची ठेवा.

मांजराकाठ

निरोपाचा मसुदा असा केलाय: 'आदरणीय देणगीदार, आमची संस्था अनेक वर्षे वंचित मुलांसाठी अविरत कार्य करीत आहे. आपल्या सढळ हाताच्या मदतीची अपेक्षा. सोबत मुलांचे फोटो.' सुधारणा सुचवा.

तारायंत्र

फोटो आधी काढा. चेहरा, नाव आणि गाव एकत्र जाता कामा नये. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मनाई आहे, आणि तुमची मुलं त्या व्याख्येत बसोत न बसोत, शाळेत त्यांना तो फोटो दाखवला जाऊ नये. धान्याच्या कोठीचा, स्वयंपाकघरातल्या भाकरीच्या चवडीचा, वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो चालतो.

मजकूर मी असा करीन: 'नमस्कार सर, मागच्या वर्षी तुम्ही वसतिगृहासाठी २,००० रुपये दिले होते. त्यातून ज्वारी आणि डाळ घेतली. या दिवाळीनंतर मुलं पुन्हा येतील. एका मुलाच्या महिन्याच्या जेवणाला अमुक रुपये लागतात. जमेल तेवढं खालच्या यूपीआय आयडीवर पाठवा. फक्त भारतीय नागरिकांसाठी. पावतीसाठी ही लिंक. निरोप नको असेल तर "नको" लिहा.' मागच्या देणगीचा आकडा वहीतून बघून प्रत्येकाला वेगळा घाला. हे ब्रॉडकास्टनं होत नाही, व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये (तयार उत्तरांची सोय) साचा ठेवून एकेकाला पाठवावं लागतं. दिवसाला तीस-चाळीसच पाठवा. नव्या नंबरवरून एकदम शेकडो निरोप गेले आणि चार जणांनी ब्लॉक केलं तर व्हॉट्सॲप नंबर बंद करतं.

ब्रॉडकास्ट ठेवा मागणी नसलेल्या निरोपांसाठी: मुलं आली, धान्य भरलं, परीक्षा झाली, आईबाप परतले. मागणीचा एक निरोप गेला तर असे तीन-चार जाऊ द्यात.

जमाखर्च

एक भर. पैसे जमा झाल्यापासून चोवीस तासांत आभाराचा निरोप गेलाच पाहिजे, पावती मागाहून गेली तरी चालेल. आणि सगळ्यांना पाठवण्याआधी वीस जणांवर चाचणी घ्या. त्यात साठीच्या पुढचे पाच, स्वस्त अँड्रॉइडवाले पाच आणि फक्त सहकारी बँकेत खातं असलेले दोन तरी असू द्यात. ते जिथे अडतील ती ओळ बदला, मग बाकीच्यांना पाठवा.