उमेदवार दारात आला की औषधांचं विचारायचं का?

रामबागकर
आईचं आयुष्मान कार्ड काढलं. ऑक्टोबर २०२४पासून ७० आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज मोफत आहे. पण तो भरती झाल्यावर. आईला शुगर आणि बीपी. तिला लागतात रोजच्या चार गोळ्या आणि दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. तिथे कार्ड चालत नाही.

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. तो झाला नाही, आणि एकाही सभेत कुणी त्याचा जाब विचारला नाही. २०२८ला आपल्या मध्य प्रदेशात विधानसभेची निवडणूक आहे. इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, सगळ्यांनी मिळून एकच विचारू या: गोळ्या-तपासण्या सगळ्यांना मोफत, हो की नाही?

लोकमान्यनगरचे काका
अरे, यावर मतं पडत नाहीत. राजस्थानात मुख्यमंत्री असताना गेहलोतांनी मार्च २०२३मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, राज्याचा चिरंजीवी आरोग्य विमा २५ लाखांवर नेला. डिसेंबरात सरकार गेलं. त्याच निवडणुकीत आपल्याकडे लाडली बहना योजनेचे महिन्याला १२५० रुपये बायकांच्या खात्यात येत होते आणि भाजपला १६३ जागा मिळाल्या. खात्यातला पैसा दर महिन्याला दिसतो. धडधाकट माणसाला दवाखाना दिसत नाही.

सुदामानगरची मावशी
काका, माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना ते पैसे मिळतात. मुलीला डेंग्यू झाला, रोज प्लेटलेट बघायला लागायच्या. दोन महिन्यांचे पैसे त्या आठवड्यातच गेले. एका हातानं घेतलं, दुसऱ्यानं लॅबला दिलं.

खासगी डॉक्टर
राजस्थानात डॉक्टर रस्त्यावर उतरले ते तातडीच्या मोफत उपचाराचे पैसे कोण आणि कधी देणार, यावरून. माझंही छोटं नर्सिंग होम आहे. सरकारी योजनेचं पेमेंट लांबलं की नर्सचे पगार मी कुठून देऊ? आधी पैशांची तारीख सांगा, मग मोफत म्हणा.

रामबागकर
डॉक्टरसाहेब, हे बरोबर आहे. प्रश्नातच घालू: पेमेंट किती दिवसांत?

काका, राजस्थानचंच अजून एक बघा. २०११ला गेहलोतांनी सरकारी दवाखान्यात मोफत औषधं सुरू केली. २०१३ला ते हरले, पण पुढच्या सरकारनं योजना बंद केली नाही. थायलंडमध्ये २००१च्या निवडणुकीत थाक्सिन या नेत्यानं ३० बातमध्ये (बात म्हणजे तिथलं चलन) इलाज असं वचन दिलं आणि जिंकले. २००६ला लष्करानं त्यांना काढलं, योजना राहिली. एकदा घरोघरी सवय झाली की ती काढून घ्यायची कुणाची छाती होत नाही. मला पक्ष निवडून आणायचा नाही, गोळ्या आणायच्या आहेत.

लोकमान्यनगरचे काका
योजना टिकते, मान्य. पण उमेदवाराला स्वतः टिकायचं असतं. तो उद्या खात्यातली रक्कम वाढवेल, गोळ्यांचं नाव काढणार नाही.

सुदामानगरची मावशी
म्हणून तर मी आमच्या गल्लीतल्या १४ घरांचा औषधांचा महिन्याचा खर्च वहीत लिहून घेतेय. नऊ घरं झाली. तो आला की वहीच पुढे करणार. काका, तुमच्या गल्लीचा तुम्ही लिहा.