लॅपटॉप विकत घ्यावा की महिन्याच्या भाड्याने? (ऑनलाइन चर्चेचा धागा)

पेठेतला
मुलगी यंदा इंजिनिअरिंगला लागली. दुकानात ६०,००० चा लॅपटॉप पसंत केला, तर तिनेच फोनवर योजना दाखवली: तसलाच लॅपटॉप महिना २,२०० रुपये अधिक जीएसटी, मुदत ३६ महिने, बिघडला तर बदलून मिळणार. मी तिथेच पावतीच्या पाठीवर गुणाकार केला. ७९,२००, त्यावर १८ टक्के म्हणजे १४,२५६. एकूण ९३,४५६. आणि एवढे मोजून लॅपटॉप परत द्यायचा! चौथ्या वर्षी ऐन प्रोजेक्टच्या वेळी पोरीने काय पाटीवर कोड लिहायचा? २०१३ मध्ये अडोबी कंपनीने फोटोशॉप या फोटोंवर काम करायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या विकायचं बंद करून महिन्याचा रतीब लावला, आता यंत्रांचीही तीच गत. मला तरी पटत नाही.

खतावणी
गुणाकार बरोबर, पण सगळ्यांना एकच माप लावू नका. माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. जुलै ते ऑक्टोबर चार जादा पोरं बसतात, नोव्हेंबरात त्यांच्या टेबलांवर फायलींचे गठ्ठे. त्यांच्यासाठी लॅपटॉप विकत घेतले असते तर दोन-अडीच लाख अडकून पडले असते. शिवाय भाडं सगळंच्या सगळं खर्चात जातं. विकत घेतलेल्यावर घसारा (वस्तू जुनी होते म्हणून दरवर्षी खर्चात धरायची घट) ४० टक्के, आणि घेतलेल्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्या वर्षी तोही निम्मा. जीएसटीही वजा मिळतो.

पेठेतला
जीएसटी तर विकत घेतलेल्यावरही वजा मिळतो की! आणि मी पगारदार. मला ना घसारा, ना वजावट.

खतावणी
तो मुद्दा मान्य. तुमच्यासाठी विकतच बरा. पण धाग्याचं शीर्षक 'माझ्या मुलीसाठी' असं नव्हतं हो.

तुटकी बिजागरी
मी घेतला होता भाड्याने, कंपनीचं नाव सांगत नाही. दीड वर्ष छान चालला. परत न्यायला आलेल्या मुलाने झाकण उघडून मिटलं, पुन्हा उघडलं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि फोटो काढला. बिजागरीपाशी नखाएवढी चीर. डिपॉझिटमधून ३,८०० गेले. 'बिघाड' आम्ही दुरुस्त करतो, 'नुकसान' तुमचं, असं करारात होतं म्हणे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

रात्रपाळी
माझी बाजू उलटी. मी फ्रीलान्स व्हिडिओ एडिटिंग करते. हातात एकदम ६०,००० नव्हते, काम मात्र सोमवारी सुरू होणार होतं. भाड्याच्या मशिनवर पाच महिने काढले आणि त्याच कमाईतून स्वतःचं घेतलं. महाग पडलं का? पडलं. पण काम हातचं गेलं नाही. दुकानात ईएमआयला क्रेडिट कार्ड मागितलं, ते माझ्याकडे नव्हतं.

जुनाच बरा
तिसरा रस्ता कोणीच काढला नाही. मोठ्या ऑफिसांनी भाड्याने घेऊन परत केलेली मशिनंच मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात येतात. मी २२,००० ला घेतलं, बॅटरी तेवढी बदलली. घेताना विंडोज ११ चालतं ना, हे बघा. इंटेल असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर हवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

खतावणी
पेठेतले, कंपनीला एवढंच विचारा: ३६ महिन्यांनी तोच लॅपटॉप ठेवून घ्यायचा तर किती?

पेठेतला
विचारलं. 'त्या वेळचा बाजारभाव' म्हणाले. लेखी द्या म्हटलं, त्याला आज नववा दिवस.