गुणवंत फलक आणि स्मरणिका: ७५ वर्षांच्या यशाच्या नोंदी तपासायच्या कशा?

पाटणकर_माजी

सातारा जिल्ह्यातल्या, पाटणच्या बाजूच्या माध्यमिक शाळेचं (स्थापना १९५१) हे अमृतमहोत्सवी वर्ष. संस्थेने माजी विद्यार्थी संघाकडे दोन कामं सोपवली आहेत: व्हरांड्यातला नवा गुणवंत फलक आणि स्मरणिकेतलं विद्यार्थी, माजी विद्यार्थी व कर्मचाऱ्यांच्या यशाचं प्रकरण. व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म फिरवला तर नोंदींचा पाऊस पडला. 'बोर्डात तिसरा', 'स्कॉलरशिप होल्डर', 'राष्ट्रीय खेळाडू', 'राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक'. सोबत कागद मात्र फार थोड्यांचे. जुना लाकडी फलक १९७८ ला थांबतो आणि त्यावर टक्केवारी आहे.

खरं-खोटं कसं ठरवायचं? माजी विद्यार्थी नेमकं कुणाला म्हणायचं? आणि फलक कशाचा करावा? फ्लेक्स नको, एवढं ठरलंय.

---

गणिताचा_तास

फॉर्म थोडा वेळ बाजूला ठेवा आणि शाळेतल्या कपाटापासून सुरुवात करा. मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने जनरल रजिस्टर, दहावीची निकालपत्रकं, शिष्यवृत्तीचे निकाल, वार्षिक अहवाल, लॉगबुक आणि कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं बघायला मिळतात. रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही, फोटोही सरसकट काढायचे नाहीत. जन्मतारीख, जात, पत्ता सगळं त्यात असतं. क्लार्क शेजारी बसलेले असताना हवं तेवढंच वहीत उतरवून घ्या.

तक्त्याला एवढे रकाने पुरतात: वर्ष, रजिस्टरमधलं नाव, रजिस्टर क्रमांक, यश, पातळी, देणारी संस्था, पुरावा, तपासणाऱ्या दोघांच्या सह्या. पातळी आणि पुरावा हे दोन रकाने रिकामे असतील तर ती नोंद फलकावर नाही. फॉर्ममधून आलेलं सगळं आधी 'प्रलंबित' समजायचं.

नाव रजिस्टरप्रमाणेच घ्या. मुलींच्या बाबतीत इथेच घोळ होतो: फॉर्ममध्ये सासरचं नाव, रजिस्टरला माहेरचं, आणि मग एकच बाई यादीत दोनदा येते. स्मरणिकेत दोन्ही नावं द्या, फलकावर कोणतं हवं ते त्यांनाच विचारा.

आता एकेका दाव्याचं.

बोर्ड. 'बोर्डात तिसरा' म्हणजे कोणत्या बोर्डात? तुमचा जिल्हा आधी पुणे विभागात होता, कोल्हापूर विभागीय मंडळ झाल्यावर तिकडे गेला. तेव्हा विभाग आणि वर्ष लिहिल्याशिवाय 'बोर्डात' हा शब्द वापरू नका. बऱ्याचदा मुलगा केंद्रात पहिला असतो, म्हणजे त्या परीक्षा केंद्रावर बसलेल्या चार-पाच शाळांत. पुढच्या पिढीत केंद्र गळतं आणि बोर्ड चिकटतं. मंडळ गुणवत्ता यादी जाहीर करायचं त्या काळातला दावा वर्तमानपत्राच्या निकालाच्या अंकात सापडायला हवा. जिल्हा ग्रंथालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतात. यादी बंद झाल्यानंतरच्या वर्षांत कुणी 'बोर्डात पहिला' लिहून दिलं असेल तर ती नोंद तिथेच संपली. क्लासच्या जाहिरातीतला क्रमांक हा पुरावा नव्हे.

टक्केवारी नव्या फलकावर घेऊच नका. १९७५ ला दहावीची एस.एस.सी. आली, त्याआधी ती अकरावीला होती. त्या सुमारास जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची मुलं शेजारीशेजारी सापडतील. एका वर्षाला दोन 'शाळेत पहिले' निघाले तर ते चूक नाही, दोन्ही नावं ठेवा. मार्च २०१० पासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' (सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरून टक्केवारी), वर कला-क्रीडेचे वाढीव गुण. एकाच रकान्यात ६८ टक्के आणि ९९ टक्के आले की बघणारा पोर जुन्या पहिल्याला 'ढ' समजतो. फक्त 'शाळेत प्रथम' लिहा.

शिष्यवृत्ती. राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेत प्रत्येक पेपरात ४० टक्के मिळाले की विद्यार्थी 'पात्र' ठरतो, पण पैसे मिळतात ते गुणवत्ता यादीत आलेल्यांना. शिष्यवृत्तीधारक म्हणायचं ते यांनाच. जुनी परीक्षा चौथी आणि सातवीला होती, फेब्रुवारी २०१७ मध्ये ती पाचवी आणि आठवीला गेली. २००५ च्या नोंदीत 'आठवी स्कॉलरशिप' दिसली तर थांबा आणि कागद मागा. एन.एम.एम.एस. (आर्थिक दुर्बल घटकांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) वेगळी: आठवीत परीक्षा, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, उत्पन्नाची अट. तिला नुसतं 'नॅशनल स्कॉलरशिप' म्हटलं की एन.टी.एस. (राष्ट्रीय प्रज्ञाशोध) समजली जाते. एन.टी.एस.मध्येही राज्यस्तराचा पहिला टप्पा पार करणारे अनेक, दुसऱ्या टप्प्यानंतर शिष्यवृत्ती मिळणारे फार थोडे. टप्पा लिहा. ती परीक्षा २०२१ नंतर थांबलेली आहे, त्यामुळे अलीकडचा दावा असेल तर तोही तपासा.

इन्स्पायर अवॉर्ड – मानक, म्हणजे शाळकरी मुलांच्या विज्ञान-कल्पनांसाठीची केंद्राची योजना. सध्याचा सगळ्यात फुगणारा दावा हाच. शाळेने पाठवलेली कल्पना निवडली गेली की मुलाच्या खात्यात मॉडेलसाठी १०,००० रुपये येतात. नावात 'अवॉर्ड' असलं तरी ही पहिली पायरी. पुढे जिल्हा प्रदर्शन, मग राज्य, मग राष्ट्रीय. 'इन्स्पायर निवड, जिल्हास्तर' असं लिहिलं की मुलाचंही कौतुक होतं आणि खोटंही होत नाही.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठीच असते. सुवर्ण, रौप्य की नुसती लेखी परीक्षा पार, हे प्रमाणपत्रावर असतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला श्रेणी लिहा, 'उत्तीर्ण' नको. शाळेचे शेकडो विद्यार्थी उत्तीर्ण असणार, त्यामुळे फलकावर त्यांना जागा नाही. स्मरणिकेत वर्षवार संख्या द्या, बस्स.

---

मैदान_२००

खेळाबद्दल. शासनाच्या शालेय स्पर्धांची उतरंड तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. नोंदीत पातळी, वयोगट, खेळ किंवा वजनगट, जागा आणि वर्ष हे सगळं हवं. 'राज्यस्तरीय खेळाडू' यातून काहीच कळत नाही: राज्यस्पर्धेसाठी निवड, सहभाग आणि पदक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्रावर 'सहभाग' असेल तर फलकावरही 'सहभाग'.

प्रमाणपत्र हातात आलं की आधी सही कुणाची ते बघा. शालेय स्पर्धेला जिल्हा क्रीडा अधिकारी किंवा उपसंचालकांची सही असते, राष्ट्रीय शालेय स्पर्धेला भारतीय शालेय खेळ महासंघाचं प्रमाणपत्र. याखेरीज 'नॅशनल' नाव लावून प्रवेश फी घेणाऱ्या खासगी स्पर्धांचं पेव फुटलंय, कराटे आणि स्केटिंगमध्ये विशेष. वजनगट इतके पाडतात की गटात दोनच पोरं उरतात आणि दोघांना पदक मिळतं. तुमच्या जिल्हा क्रीडा कार्यालयात फोटोकॉपी दाखवली तर संघटना मान्यताप्राप्त आहे का ते तोंडी लगेच कळतं. लेखी हवं असेल तर मुख्याध्यापकांच्या पत्रावर विचारा.

सांघिक खेळात कर्णधाराचं एकट्याचं नाव नको. कबड्डीच्या संघात बारा जण असतात, बाराही नावं स्मरणिकेत आणि फलकावर 'कबड्डी संघ, १७ वर्षांखालील मुली, विभाग उपविजेता'.

तपशील घसरतो कसा, याला सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. मुंबईच्या शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची अभेद्य भागीदारी, फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्ड ही शालेय क्रिकेट स्पर्धा. ती झाली सेंट झेवियर्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात. पण 'फायनलमध्ये' असं सांगणारे पैशाला पासरी मिळतील. कांबळीच्या नाबाद ३४९ आणि सचिनच्या नाबाद ३२६, हेही कित्येक जण उलटं सांगतात. इतक्या गाजलेल्या खेळीची ही गत, तर १९६४ च्या तुमच्या खो-खो संघाचं काय झालं असेल बघा.

---

पाटणकर_माजी

दोघांचेही आभार, तक्ता आजच बदलतो. दोन अडचणी आहेत. एक नामवंत डॉक्टर पाचवी ते सातवीच आमच्याकडे होते, दहावी कऱ्हाडला. त्यांचं नाव घ्यावं का? आणि जुन्या फलकावर 'मागासवर्गीयांत प्रथम' असा वेगळा रकाना आहे. तो नव्यावर उतरवायचा का?

---

सेवापुस्तक

डॉक्टरांचं नाव घ्या, पुढे '(इ. ५वी ते ७वी)' लिहून. रजिस्टरला नोंद आणि किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, एवढा नियम समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा, म्हणजे उद्या कुणी भांडायला आलं तर दाखवता येतो. वर सचिनचं नाव आलंच आहे. तो शारदाश्रमात येण्याआधी वांद्र्याच्या शाळेत होता. दोन्ही शाळांनी त्याला आपला म्हणावं, फक्त यत्ता खरी सांगावी.

'मागासवर्गीयांत प्रथम' रकाना नव्या फलकावर नको. जातीचा उल्लेख रजिस्टरपुरता असतो, भिंतीवर त्याचं काम नाही.

आता कर्मचाऱ्यांचं, कारण याकडे कुणी फारसं बघत नाही. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार म्हणजे केंद्र सरकारचा, ५ सप्टेंबरला दिला जातो तो; १९५८ पासून आहे. राज्याचा म्हणजे आत्ताचा क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार, पूर्वीचा राज्य आदर्श शिक्षक. त्याखाली जिल्हा परिषदेचा. बाकी पतसंस्था, मंडळं, 'ग्लोबल' आणि 'इंटरनॅशनल' नावाच्या संस्था यांचे पुरस्कार खासगी. ते स्मरणिकेत देणाऱ्या संस्थेच्या पूर्ण नावासह द्यावेत, फलकावर नाही. नोंदणी शुल्क भरून मिळालेला पुरस्कार कुठेच नाही. जुन्या राज्य पुरस्काराला आगाऊ वेतनवाढी मिळत, त्यामुळे त्याचा माग सेवापुस्तकात लागतो. घरी कागद हरवला तरी तिथे नोंद सापडू शकते.

पीएच.डी.ला विद्यापीठ आणि वर्ष मागा. मानद डॉक्टरेट असेल तर नावामागे 'डॉ.' लावू नका, आणि ते विद्यापीठ यू.जी.सी.च्या (विद्यापीठ अनुदान आयोग) बनावट विद्यापीठांच्या यादीत नाही ना, तेवढं बघून घ्या. शिपाई, प्रयोगशाळा परिचर, क्लार्क यांना वगळू नका. नोकरी करत बाहेरून पदवी घेतलेले, शालेय संघ घडवलेले सेवक बहुतेक जुन्या शाळांत सापडतात आणि अहवालात त्यांची एक ओळही नसते.

'शंभर टक्के निकाल' ही एका शिक्षकाची नोंद म्हणून लावायची नाही. तो शाळेचा रकाना.

पद्म पुरस्कारप्राप्त कुणी असेल तर 'पद्मश्री अमुक तमुक' असं लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ च्या निकालात स्पष्ट केलंय की हे सन्मान नावाच्या मागे-पुढे लावायची पदवी नव्हे. नाव एका रकान्यात, 'पद्मश्री' आणि वर्ष दुसऱ्यात. गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वर्षवार यादी आहे, पाच मिनिटांचं काम.

---

गणिताचा_तास

'मागासवर्गीयांत प्रथम'बद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. नव्या फलकावर नको हे मान्य. पण १९६०-७० च्या दशकात ती नावं कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवली, आणि रकाना गाळला की ती नावंच भिंतीवरून जातात. त्यातली बरीच मुलं शाळेत पहिल्या पाचांत असणार. निकालपत्रक उघडून त्यांचा शाळेतला सर्वसाधारण क्रमांक काढा आणि तो लिहा: 'शाळेत चतुर्थ, १९६९'. त्यासाठी प्रथमऐवजी पहिल्या पाचांची यादी करावी लागेल, काम वाढेल. जुना फलक मात्र पुसू नका, आहे तसा कार्यालयात हलवा.

आत्ताच्या विद्यार्थ्यांचे फोटो स्मरणिकेत देणार असाल तर १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. इयत्ता आणि नाव पुरे, गाव आणि मोबाइल नको.

---

ब्रश_नंबर_६

फलकाचं सांगतो. पाटणच्या पावसात एम.डी.एफ. (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) घेऊ नका, दोन पावसाळ्यांत कडा फुगतात. १९ मि.मी. मरीन प्लाय, ८ बाय ४ फूट. चारही कडांना आणि मागच्या बाजूला प्रायमर मारलाच पाहिजे. पाणी कडेतून शिरतं. मग काळा मॅट इनॅमल दोन हात, मध्ये एक दिवस वाळवण. चकचकीत काळा नको, दारातून उजेड आला की अक्षरं दिसत नाहीत. भिंतीपासून अर्धा इंच अंतर राहील असे स्पेसर टाकून स्क्रू मारा, नाहीतर ओल प्लायमध्ये उतरते.

अक्षराची उंची: दहा फुटांवरून नीट वाचायला एक इंच. पण देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून ओळीला दोन इंच धरा. ४८ इंचांतून शीर्षक आणि खालच्या मोकळ्या जागेचे दहा इंच काढले की १९ ओळी बसतात. वर्षाला एक ओळ म्हटली तरी ७५ वर्षांना चार फलक, आणि चौथ्यावर एकच ओळ रिकामी उरते. पहिल्या पाचांची यादी करणार असाल तर हे गणित कोलमडतं. ती स्मरणिकेत टाका.

सोनेरी रंग मागतात सगळे. ब्राँझ पावडरचा सोनेरी काही वर्षांत काळपट पडतो. गडद पिवळा इनॅमल घ्या, लांबून सोनेरीच दिसतो. दुहेरी टेपने चिकटवलेली ॲक्रिलिक अक्षरं उन्हाच्या भिंतीवर सुटतात, पहिली पडते ती वेलांटी, आणि मग नावाचं भलतंच काहीतरी होतं.

रंगवण्याऐवजी दुसरा मार्ग: दीड इंची ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंच्या खाचेतून सरकवायच्या. एक नाव चुकलं तर एकच पट्टी बदलायची. सुरुवातीचा खर्च जास्त आहे, पण तुमच्या प्रलंबित नोंदी बघता हेच सोयीचं. मात्र पट्टीवर अक्षर पाऊण इंचापेक्षा मोठं बसत नाही, तेव्हा फलक छातीच्या उंचीपासून वर सुरू करा, फार वर टांगू नका.

पेंटरला व्हॉट्सॲपवर यादी पाठवू नका. छापील प्रत द्या, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. आधी खडूने पूर्ण फलक लिहून घ्या, मराठीच्या बाईंना ऱ्हस्व-दीर्घ बघायला सांगा, मगच ब्रश.

---

पाटणकर_माजी

पट्ट्यांचं नक्की करतो. एक राहिलं: तपासून झालेली यादी छापण्याआधी सगळ्यांना दाखवावी का?

---

सेवापुस्तक

हो. सूचनाफलकावर आणि ग्रुपवर पंधरा दिवस, 'प्रारूप यादी' असं ठळक लिहून. हरकत फक्त लेखी, सोबत कागद. ग्रुपवर चर्चा बंद ठेवा, हरकती क्लार्ककडे आवक क्रमांक टाकून जाऊ द्या. आणि प्रलंबित नोंदींची वेगळी फाईल शाळेतच ठेवा. प्रमाणपत्र दोन वर्षांनी सापडलं तर पट्टी तेव्हा सरकवता येईल.