धोंड्याच्या महिन्यात गाडी घेणारा तेवढा शहाणा, बाकीचे खुळे?

कृष्णाकाठचा_पाहुणा (सांगली)
अक्षय्य तृतीयेला रांग लावून, हार घालून, पेढे वाटून गाडी घेतलेल्यांना भावपूर्ण श्रद्धांजली. मी परवा घेतली, ऐन अधिक महिन्यात. शोरूममध्ये गिऱ्हाईक कमी, माशा जास्त. अडतीस हजार सुटले, वर मॅट आणि सीट कव्हर फुकट. पितृपंधरवडा, अधिक महिना आणि डिसेंबरचा शेवट, गाडी घ्यायच्या तारखा एवढ्याच. बाकी सगळी खुळ्यांची जत्रा.

गोडोली_नाका (सातारा)
त्या जत्रेतलाच मी एक. १९ एप्रिलला घेतली, रांगेत उभा राहून, पेढे वाटून. श्रद्धांजली पोचली, आता उत्तर घ्या.

पितृपंधरवड्याचं एवढं कौतुक आहे तर मागच्या वर्षीचंच बघू. ८ ते २१ सप्टेंबर २०२५. छोट्या गाड्यांचा जीएसटी २२ तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, १८ टक्के होणार हे ३ सप्टेंबरलाच जाहीर झालं होतं. त्याआधी छोट्या पेट्रोल गाडीला सेस धरून २९ टक्के होते. करापूर्वी पाच लाखांची गाडी धरा. आधी सहा लाख पंचेचाळीस हजार, नंतर पाच लाख नव्वद. आमच्या मेव्हण्यांना सेल्समन म्हणाला, "साहेब, कर उतरला की कंपनी किंमत चढवणार, आत्ताच घ्या." मेव्हण्यांनी १२ तारखेला घेतली. वीस हजार सूट मिळाली म्हणून आम्हाला हॉटेलात जेवायला नेलं. दहा दिवस थांबले असते तर पंचावन्न हजार वाचले असते, आरटीओचा कर कमी बसला असता तो वेगळाच. त्या जेवणाचा विषय आमच्या घरात आता कुणी काढत नाही.

दुसरं. अडतीस हजार सुटले म्हणता, पण गाडी कोणत्या महिन्यात बनलेली आहे? ते तेवढं लिहायचं राहिलं.

कृष्णाकाठचा_पाहुणा
मेव्हणे पेपर वाचत नाहीत त्याला मी काय करू? कर उतरणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. अपवाद दाखवून नियम मोडत नाही. गाडी एकदम नवीन आहे, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

गोडोली_नाका
प्लास्टिकचं विचारलं नाही. महिना विचारला.

गावभाग (सांगली)
सूट म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. २०१९ ला गाड्यांना उठाव नव्हता, आम्हाला जूनमध्ये मोठी सूट मिळाली. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आमची गाडी स्टिअरिंगपर्यंत पाण्यात, पाच दिवस. पाणी उतरल्यावर ह्यांनी "चालू होते का बघू" म्हणून किल्ली फिरवली. तिथं संपलं. पाणी गेलेलं इंजिन चालू करायचं नसतं हे आम्हाला टोइंगवाल्या पोरानं सांगितलं. विम्यात इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्यानं इंजिन गेलं तर भरपाई देणारं जादा कलम, नव्हतं, बाराशे रुपये वाचवायला काढून टाकलं होतं. सांगलीत गावभाग, खणभागात राहणाऱ्यांनी मुहूर्त बघा नाहीतर बघू नका, पण गाडी पावसाळा संपल्यावर घ्या. आणि दिवाळीत "कमी चाललेली, एका हाताची" जुनी गाडी स्वस्तात मिळाली तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला गाळाची रेघ असते.

ऊस_आणि_उसासा (वाळवा तालुका)
तुमचं नोकरदारांचं बरं हाय. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. आमचा मुहूर्त कारखाना काढतो. पाडव्याला गाडी घ्यायची म्हणून फेब्रुवारीत पाच हजार भरून बुक केली. ऊस जानेवारीत गेलेला. बिल काय आलं नाही. पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, कारखान्याचं धुराडं थंड पडून दोन महिने झाले. शोरूमवाला रोज फोन करतोय, "दादा, कधी येताय?" मी म्हटलं, चेअरमनला विचारून सांगतो.

एमएच_५० (कराड)
धागा गाडीचा आहे. प्रत्येक ठिकाणी ऊस आणलाच पाहिजे का?

ऊस_आणि_उसासा
आणलाच पाहिजे. तुमच्या कराडातल्या शोरूममध्ये निम्म्या गाड्या कशाच्या पैशावर जातात? आयटीच्या? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. ते व्याज हातात पडलेला माणूस मला एक दाखवा, मी त्याच्या गाडीला हार घालतो. यंदाच्या २०२५-२६ हंगामाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३,५५० कागदावर, तोपण १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. राहिलेलं कधी, तर साहेबांची मर्जी.

एमएच_५०
माझ्या वडिलांचापण ऊस आहे, मला शिकवू नका. आमचं बिल वेळेत आलं. तुमचा कारखाना बुडवा असेल तर मत कुणाला देता ते बघा आधी.

ऊस_आणि_उसासा
मत काढू नका. माझ्या शेतावर येऊन बोला. २०२२ ला शासनानं एफआरपीचे दोन हप्ते केले तेव्हा तुम्ही कुठं होता? मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. कोर्टानं एकरकमी म्हटलं, आणि आमच्या पासबुकात एकपण रक्कम नाही. आणि हितं "मेव्हण्याचं जेवण" चाललंय.

गोडोली_नाका
मेव्हण्यांना मध्ये आणू नका.

ऊस_आणि_उसासा
तुम्हीच आणलंय की ओ.

एमएच_५०
शेतावर यायला वेळ नाही. तुमचा ऊस आडसाली (पावसाळ्यात लावलेला), आमचा सुरू (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला), हिशेब वेगळा आहे एवढंच म्हणत होतो. बुडवा शब्द मागे घेतो. मताचं मागे घेत नाही.

आधी_सेल्समन_होतो (सातारा)
सहा वर्षं गाड्या विकल्या, आता किराणा दुकान आहे, म्हणून खरं बोलायला हरकत नाही. मुहूर्त आणि अधिक महिना दोन्ही बाजूला ठेवा. सेल्समनचं पंचांग म्हणजे टार्गेट. महिन्याच्या २७-२८ तारखेला दोन गाड्या कमी पडत असतील तर मॅनेजर स्वतः चहा घेऊन येतो. पाच तारखेला तोच मॅनेजर ओळख देत नाही. आणि जिला वेटिंग आहे त्या गाडीला अधिक महिन्यातही दमडी सुटत नाही. सुटते ती यार्डात उभ्या असलेल्या मालावर, कारण त्यावर आम्हाला बँकेचं व्याज चालू असतं. सूट मोठी दिसली की समजायचं, हिला बाहेर काढायची आमची घाई आहे.

महिना कसा ओळखायचा ते सांगतो, म्हणजे वाद मिटेल. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतंच, पण आरसी येते पैसे भरून झाल्यावर. बुकिंगच्या आधी यार्डात जाऊन टायरपाशी उकिडवे बसा. बगलेवर लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर गाडीच्या आधी बनतो, त्यामुळे थोडंफार इकडेतिकडे. पाचव्या टायरवरचा आकडा बघून फसू नका, स्टेपनी कधी बदललेली असते.

अजून एक. विमा आमच्याकडूनच घ्या म्हणतात, तशी सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन टेबलावर ठेवलं की आपोआप उतरतात. तुमचे अडतीस हजार तिथंच परत गेले नसतील ना, बघा.

गोडोली_नाका
पाहुणे, उकिडवे बसलात का?

कृष्णाकाठचा_पाहुणा
बसलो. ४६२५.

गोडोली_नाका
सेहेचाळिसावा आठवडा, २०२५. नोव्हेंबर! म्हणजे परवाची नवी कोरी गाडी सहा महिने उन्हात उभी होती आणि विकताना "पंचवीसचं मॉडेल" म्हणून भाव होणार. डिसेंबरच्या शेवटीसुद्धा हाच खेळ असतो, आठ दिवसांत गाडी एक वर्षानं म्हातारी.

आधी_सेल्समन_होतो
थांबा, उगाच नाचू नका. पाच वर्षांत विकायची असेल तर तोटा. दहा-बारा वर्षं वापरणार असतील तर त्यांचा सौदा तुमच्यापेक्षा बरा. बॅटरी तेवढी तपासून घ्या पाहुणे. आणि गोडोलीवाले, मुहूर्ताच्या दिवशी तुमची गाडी नीट तपासून दिली का? आम्ही दसऱ्याला एका दिवसात पस्तीस डिलिव्हऱ्या द्यायचो. पीडीआयच्या, म्हणजे गाडी देण्याआधीच्या तपासणीच्या, कागदावर टिक आदल्या रात्रीच मारून ठेवलेल्या असायच्या.

गोडोली_नाका
विषय निघालाच आहे तर सांगतो. सकाळी अकराची वेळ दिली होती, गाडी हातात पडली रात्री साडेनऊला. भटजी दोनदा येऊन गेले. बॉनेटवर झेंडूचा भलामोठा हार, तो बांधलेला तारेनं. घरी आल्यावर हार काढला तर हेडलाइटपासून वीतभर ओरखडा. शोरूमवाले म्हणतात, हार तुमचा. हार त्यांचाच होता, बिलात लावला होता.

गावभाग
म्हणजे दोघंही तेवढेच शहाणे.

गोडोली_नाका
मी तरीही म्हणेन की घरातली माणसं खूश होती. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, पोरं टपावर चढली, आम्ही त्याच रात्री वाईला ढोल्या गणपतीपर्यंत जाऊन आलो. ह्याची किंमत अडतीस हजारांत बसत नाही. ओरखड्याची बसते. साडेचार हजार.

एमएच_५०
ऊसवाले दादा, काही कळलं का बिलाचं?

ऊस_आणि_उसासा
शुक्रवारी जमा होतंय म्हणत्यात. कुठला शुक्रवार ते सांगितलं नाही. मी आता २० ऑक्टोबरचा दसरा धरलाय. अधिक महिन्यामुळं सण पुढं गेलेत, तेवढीच मुदत मिळाली. अधिक महिन्याचा फायदा मलाबी झाला म्हणायचा.

कृष्णाकाठचा_पाहुणा
नोव्हेंबरची आहे हे मान्य. विमा त्यांच्याकडूनच घेतला हेही मान्य, किती जास्त गेले ते विचारू नका. पण बारा वर्षं वापरणार आहे, त्यामुळे माझं म्हणणं कायम.

सध्या वापरता येत नाही ही गोष्ट वेगळी. आई म्हणते, अधिक महिन्यात आणलेल्या गाडीत पाऊल ठेवणार नाही, १६ जूनला निज ज्येष्ठ लागला की नारळ फोडू, मग बघू. बायको आईच्या बाजूला. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे, पहिला हप्ता पाच तारखेला जातोय, आणि मी कामावर स्कूटरनं.