मदत हवी आहे: निसर्ग वादळात शाळेचं छप्पर गेलं, पुन्हा कसं घालावं?

वळचण
३ जून २०२० च्या वादळात आमच्या (दापोली तालुका) जि.प. शाळेच्या दोन्ही खोल्यांचं छप्पर गेलं. खोली २० बाय २५ फूट, भिंत ९ इंची चिऱ्याची. पत्रे, पाईप सगळं एकत्र उचललं गेलं, सोबत भिंतीचे वरचे दोन थरही. पंचनामा झालाय. समितीत सगळ्यांचं म्हणणं, पत्रा पातळ होता, आता जाड घालू. तेवढ्याने भागेल का? आणि पाऊस लागलाय, तोवर भिंतींचं काय करायचं?

जांभा
थर सोबत आले, म्हणजे पत्र्याने पाईप धरला होता, पाईपाने वरचे चिरे धरले होते, त्या चिऱ्यांना मात्र खालून कुणीच धरलं नव्हतं. जाड पत्र्याने यात काही बदलत नाही.

हिशेब बघा. वारा ताशी १२० किमी म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दाब ०.६ × ३३ × ३३, चौरस मीटरला साधारण ६७ किलो. तुमची खोली ४६ चौ.मी., म्हणजे वर खेचणारा जोर ३ टनांच्या आसपास. अर्ध्या मिमीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम ५ किलो! त्यात वाऱ्याकडची खिडकी फुटली तर आतूनही ढकलणार.

म्हणून आधी भिंतीवर चौफेर आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटची) पट्टी. वरचे चार थर उतरवा, चारही कोपऱ्यांत आणि दारांच्या दोन्ही बाजूंना १२ मिमीची सळई उभी करून १:६ मालात (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पुन्हा बांधा, सळईभोवती काँक्रीट भरा. वर ९ बाय ६ इंचांची पट्टी: १० मिमीच्या चार सळया, ६ इंचांवर रिंगा. एका खोलीला साधारण १ घनमीटर काँक्रीट, ८ पोती सिमेंट, रिंगांसकट १०० किलोच्या आसपास सळई. पट्टीचंच वजन २.३ टन भरतं, खालची भिंत सळईने जोडली की बाकीचं ती पेलते. कैचीचे (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचे) १६ मिमी बोल्ट काँक्रीट ओततानाच बसवा. मागाहून चिऱ्यात भोक पाडून ठोकलेला बोल्ट धरत नाही.

रिपकोना
वरच्याशी सहमत. पट्टी घातल्यावर पुढचा कच्चा दुवा स्क्रू. वेल्डर स्वस्तात १.२ मिमीचा चौकोनी पाईप खपवतात, त्यात स्क्रूचे आटे पकडच घेत नाहीत. किमान २ मिमी मागा आणि भिंगाने नाही, कॅलिपरने मोजून घ्या :) पाईपांतलं अंतर मध्ये ४ फूट, कडेला आणि आढ्याजवळ ३ फूट. कडेच्या ओळींत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मध्ये एकाआड एक चालेल. वारा पत्रा कोपऱ्यातूनच सोलायला लागतो. पत्रा दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नका. स्क्रूखालचा वायसर चेपेपर्यंत आवळू नका, रबर फाटतं आणि पहिल्याच पावसात गळती. ड्रिलचा कीस त्याच दिवशी झाडून काढा. खाऱ्या हवेत आठवड्यात गंज दिसतो.

वळचण
पट्टी लगेच घालावी का? आणि त्यापेक्षा कौलंच घातली तर?

जांभा
मुसळधार पावसात ओतू नका, गणपतीनंतर घाला. तोवर सुटे चिरे उतरवा, भिंतीच्या माथ्यावर प्लास्टिक घालून वर चिऱ्यांचा एक सुटा थर. मातीचा माल पाण्याने वाहून जातो आणि भिजलेला जांभा नरम पडतो. पडलेलं लाकूड, पत्रे परस्पर विकू नका, ती जिल्हा परिषदेची मालमत्ता. निर्लेखनाशिवाय (सरकारी नोंदीतून रीतसर वगळल्याशिवाय) हलवलं तर अंदाजपत्रकाच्या वेळी प्रश्न येतात.

रिपकोना
कौलं वाईट नाहीत. पत्र्याखाली आषाढात बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. पण कडेच्या दोन-दोन ओळी तारेने बांधाव्या लागतात आणि वासे-रिपांचं लाकूड महाग. पत्राच घेणार असाल तर त्याखाली आतलं छत (सीलिंग) धरा, आणि अंदाजपत्रकात आत्ताच लिहायला सांगा, नंतर कुणी घालत नाही. जमलं तर दुपाखीऐवजी (दोन उतारांच्या छपराऐवजी) चौपाखी करा, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतीचं संकटच टळतं.