ट्रोलिंगवर मुलांना दाखवायला एखादा एपिसोड सुचवा (ठाणे)

कासारवडवलीकर: नमस्कार. घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी रविवारी कार्यक्रम ठेवतेय. विषय, नाव लपवून दुसऱ्याला छळणं. इथल्याच एका मुलीच्या नावाने कुणीतरी खोटं खातं उघडलं, घाणेरडं लिहिलं. पोरीने क्लासला जाणं सोडलंय. काळ्या भविष्याच्या मालिकांमधलं काही सुचवा. तासाभरात संपायला हवं, खर्च दीड हजारापर्यंत. क्लब हाऊसमध्ये टीव्ही आहे.

वाशी_सेक्टर१७: 'ब्लॅक मिरर'चा 'हेटेड इन द नेशन', २०१६ चा. लोक हॅशटॅग लावून कुणाचं तरी मरण मागतात आणि यांत्रिक मधमाश्या त्या माणसाला खरोखर मारतात. शेवटी माश्या वळतात त्या हॅशटॅग लावणाऱ्यांवरच. मेलेल्यांचा आकडा ३,८७,०३६! ८९ मिनिटांचा आहे, पण कापू नका.

पाचपाखाडी_जुना: टीव्हीवर मजा नाही. प्रोजेक्टर घ्या. मी अठरा हजारांना घेतला, आमच्या गणेशोत्सवात सगळे विचारत होते कुठून आणला.

नेरूळची_ताई: वाशीकरांशी सहमत, 'हेटेड इन द नेशन'च. त्यात ती केक पाठवणारी शिक्षिका आहे बघा. जिच्यावर सगळे तुटून पडलेत त्या लेखिकेला शिवी लिहिलेला केक पाठवते, तोही लोकांकडून वर्गणी काढून. पोलीस दारात आले तरी तिला त्यात काही वावगं वाटत नाही. मुलांना शिकवणारी बाई! अंगावर काटा आला माझ्या.

कळवा_नाका: मूळ रोग निनावीपणा. प्रत्येक खातं आधारला जोडा, दोन दिवसांत सगळे सरळ होतील.

नेरूळची_ताई: अजिबात नाही. 'ब्लॅक मिरर'चाच 'नोजडाइव्ह' बघा. तिथे प्रत्येकाचं नाव आणि पाचपैकी किती गुण हे सगळ्यांना दिसतं, तरी माणसं एकमेकांना चिरडतातच. उलट सासरचा किंवा साहेबाचा जाच सांगणाऱ्या बाईला नाव झाकायची सोय हवी. ती काढून कुणाचं भलं होणार?

माजिवडा_फ्लायओव्हर: ताईंचं पटलं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रत्येकाच्या नावापुढे फ्लॅट नंबर आहे. पार्किंगवरून एका विधवा बाईंना जे बोलले गेले, ते लिहवत नाही.

कळवा_नाका: पार्किंगचा इथे काय संबंध? आधार जोडा, एवढंच म्हणतोय.

ऐरोली_वकील: मालिका राहू द्या, त्या मुलीचं आधी बघा. खातं रिपोर्ट करण्याआधी स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक जपून ठेवा. खातं उडालं की तुमच्या हातात काही उरत नाही. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. आणि कुणी आयटी कायद्याचं ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षेचं कलम) सांगितलं तर ऐकू नका. २०१२ मध्ये मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टसाठी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, एकीने तर नुसतं लाईक केलं होतं. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. त्यातून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. पोस्ट आणि लाईक दोन्ही त्यांनी स्वतःच्या नावानेच केलं होतं, हेही मुलांना सांगा.

पाचपाखाडी_जुना: प्रोजेक्टर हवा असेल तर माझा नेऊ शकता. पडदा तुमचा.

घणसोली_रात्रपाळी: वेळेची अट कुणी वाचली का? 'द ऑरव्हिल' या अंतराळ मालिकेचा 'मेजॉरिटी रूल' बघा, २०१७ चा. पाऊण तासात संपतो. त्या ग्रहावर छातीवरच्या बिल्ल्यावर लोक मतं देतात, नापसंती एक कोटीवर गेली की मेंदू 'दुरुस्त' करतात. रक्तपात नाही, आठवीच्या मुलांना चालेल.

वाशी_सेक्टर१७: 'हेटेड इन द नेशन'ची सर कशालाच नाही. वेळ वाढवा.

कासारवडवलीकर: सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, मुलीच्या आईला तुमचा निरोप दिला, ती स्क्रीनशॉट काढतेय. माजिवड्याचं वाचून आमचा ग्रुप पुन्हा चाळला. इथली मोठी माणसंही तसंच बोलतात, मुलं ते वाचतात. म्हणून रविवारी मुलांना बोलावणार नाही, फक्त आईवडिलांना. पूर्ण एपिसोडही नको. केकवाल्या शिक्षिकेचा तेवढा प्रसंग लावणार, मग पालघरची हकिकत सांगणार आणि उरलेला वेळ त्यांना बोलू देणार. प्रोजेक्टर नको, चहा-वड्यांना दीड हजार पुरतात.

कळवा_नाका: आईवडिलांना कशाला? खातं तर पोरांनीच उघडलं असणार.

कासारवडवलीकर: ते अजून कुणालाच माहीत नाही, दादा.