नवा स्टेम बसवल्यावर हेडसेटमधला प्ले जात नाही

चढणवेडा:
माझ्या माउंटन बाइकवरचा ९० मिलिमीटर लांबीचा स्टेम (हँडलबारला फोर्कच्या नळीशी जोडणारा भाग) काढून मी ५० मिलिमीटरचा बसवला आहे. हँडलबारचा व्यास ३१.८ मिलिमीटर असून नव्या स्टेमची पकडही त्याच मापाची आहे, याची खात्री आधीच करून घेतली होती. स्पेसर, म्हणजे नळीवरच्या उंची जुळवणाऱ्या कड्या, होते तसेच ठेवले. परंतु पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली की हेडसेटमध्ये (फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगमध्ये) टकटक, म्हणजे प्ले किंवा सैलपणा, जाणवते आणि टॉप कॅपचा (स्टेमवरच्या झाकणाचा) बोल्ट कितीही आवळला तरी ती थांबत नाही. तो आणखी पिळावा, की बेअरिंग गेले असे समजावे? जुन्या स्टेमला हा त्रास मुळीच नव्हता.

पानावाला:
कृपया तो बोल्ट आणखी पिळू नका. त्याचे आटे मरतील किंवा तो ज्यात बसतो तो आतला स्टार नट वर ओढला जाईल. जुन्या स्टेमसोबत ठीक चालणाऱ्या बेअरिंगवर संशय घेण्याआधी मापे तपासावीत. लांबी आणि हँडलबारचा व्यास सगळेच पाहतात, मात्र स्टीअरर ट्यूबला (फोर्कच्या वर येणाऱ्या नळीला) धरणाऱ्या भागाची उंची प्रत्येक स्टेममध्ये वेगळी असते, हे सहसा लक्षात येत नाही. नव्या स्टेमची ही उंची कमी असेल, तर ट्यूबचे टोक तेवढेच वर येते आणि टॉप कॅप स्टेमवर न टेकता थेट ट्यूबवर टेकते. मग बोल्टचा दाब स्टेम आणि स्पेसरमधून खाली बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही. कॅप काढून पाहा. ट्यूबचे टोक स्टेमच्या, किंवा त्यावर स्पेसर असल्यास त्या स्पेसरच्या, वरच्या कडेपासून २ ते ३ मिलिमीटर खाली असायला हवे.

सावकाश:
आणखी एक शक्यता आहे. स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट आधी आवळून मग टॉप कॅप आवळली असेल, तरी हाच अनुभव येतो, कारण एकदा ट्यूबला घट्ट धरलेला स्टेम खाली सरकू शकत नाही. तसेच ब्रेक दाबून केलेली चाचणी फसवी ठरू शकते. कधी कधी हलतात ते ब्रेक पॅड किंवा सस्पेन्शन फोर्कच्या आतले बुशिंग. म्हणून फ्रेम आणि हेडसेट यांच्या सांध्यावर बोट ठेवून पाहावे, आणि मग चाक आडवे वळवून पुन्हा पाहावे.

चढणवेडा:
मोजले. जुन्या स्टेमची उंची ४५ मिलिमीटर होती, नव्याची ४० आहे, आणि ट्यूब चक्क २ मिलिमीटर वर आली होती. हँडलची उंची बदलू नये म्हणून ५ मिलिमीटरचा स्पेसर स्टेमच्या वर टाकला आणि टकटक थांबली. मात्र आता हँडल जड फिरते.

पानावाला:
म्हणजे दाब जास्त झाला आहे. आधी बाजूचे बोल्ट सैल करा, मग टॉप कॅप पाव वळसा ढिली करा, पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल सहज वळते का ते पाहा, आणि प्ले परत आलेला नाही याचीही खात्री करा. टॉप कॅपचे काम बेअरिंगवर योग्य दाब देण्यापुरतेच असते. तो दाब पुढे टिकवतात ते बाजूचे बोल्ट. त्यामुळे स्टेम चाकाशी सरळ रेषेत आणून ते दोन्ही बोल्ट आलटूनपालटून, थोडेथोडे, स्टेमवर छापलेल्या टॉर्कपर्यंतच आवळावेत. हा आकडा बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो, पण छापलेलाच प्रमाण मानावा.

सावकाश:
फेसप्लेटचे (हँडलबार पकडणाऱ्या पुढच्या पट्टीचे) चार बोल्ट मात्र तिरकस क्रमाने आवळा आणि वरची व खालची फट सारखी ठेवा. काही स्टेममध्ये वरची फट आधी पूर्ण बंद करायची असते. तसे असेल तर निर्मात्याची सूचना पाळावी. हँडलबार कार्बनचा असेल तर पकडीच्या जागी ग्रीस लावू नका, कार्बन पेस्ट लावा.

चढणवेडा:
पाव वळसाही लागला नाही. हँडल मोकळे फिरते, प्ले नाही. हँडलबार ॲल्युमिनियमचाच आहे. फेसप्लेटची फट वर जास्त होती, ती आता सारखी करून घेतली.